घोड्याची दाढ दुखते तेव्हा...

मैत्रिणींनो, 'घोड्यांचा डेंटिस्ट' म्हटलं की आधी हसूच येतं ना? पण ब्रिटनमध्ये हा चक्क एक व्यवसाय आहे आणि बायकाही तो करतात. त्याविषयी वाचत गेले, तसं माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

आपली दाढ ठणकली तर आपण लवंग धरतो, घर डोक्यावर घेतो. मुकं जनावर काय करणार? घोडा मान वाकडी करून चावतो, अर्धवट चावलेले गवताचे गोळे टाकून देतो, लगाम लावू देत नाही. मग 'अडेल झालाय' म्हणून चाबूक बसतो!

या दुखण्याचं मूळ त्याच्या दातांच्या घडणीत आहे. घोड्याचे दात वर्षाला साधारण 2 ते 3 मिलिमीटर हिरडीबाहेर येत राहतात आणि चरताना तेवढेच झिजतात. पण त्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड नीट झिजत नाही. तिथे धारदार टोकं तयार होतात, ती टोचून तोंडात जखमा होतात. दिवसभर चरणाऱ्या घोड्यापेक्षा तबेल्यात तोबऱ्यातली चंदी खाणाऱ्याला हा त्रास जास्त. कारण दाण्याला गवताइतकं रवंथल्यासारखं घोळून चावावं लागत नाही.

ही टोकं लांब दांड्याच्या कानशीने बोथट करणं, हे डेंटिस्टचं मुख्य काम. तोंड उघडं ठेवायला धातूची चौकट लावायची, कपाळाला दिवा बांधायचा, चूळ भरवावी तसं तोंड धुवायचं आणि हात थेट आत घालून एकेक दाढ चाचपायची! टोकांना संवेदना नसते, म्हणून नीट केलं तर दुखत नाही. मात्र जास्त घासलं, तर दाताच्या आतल्या जिवंत भागाला कायमची इजा होते.

म्हणूनच शिक्षण महत्त्वाचं. कवटीवरून दातांची रचना शिकायची, अनुभवी माणसाच्या हाताखाली तबेले पालथे घालायचे आणि मग पशुवैद्यकांच्या संघटनांनी मान्य केलेली लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. मला सगळ्यात आवडलं ते हे, की आपण कुठे थांबायचं हेही तिथे शिकवतात. गुंगीचं इंजेक्शन फक्त पशुवैद्यच देऊ शकतो. अवघड शस्त्रक्रियाही त्याच्याकडेच.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचं तोंड उघडून बघतात, पण ते वय ओळखायला. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात, हे जाणकारांना पाठ असतं. तीच नजर जरा आत, दाढांकडेही वळायला हवी. टांग्यावर किंवा लग्नाच्या वरातीवर ज्यांचं पोट आहे, त्या घरात घोडा आजारी पडला की चूलही थंडावते. बचत गटाच्या कामामुळे ही ओढाताण मला चांगली ठाऊक आहे.

तुमच्या ओळखीत कुणाकडे घोडा असेल तर एवढं जरूर सांगा. तो वाळत चाललाय, तोंडाला घाण वास येतोय, लिदीत अख्खे दाणे दिसताहेत? मग घरगुती कानस चालवू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. आणि तसंही वर्षातून एकदा दात तपासून घ्या.

त्याला बोलता येत नाही. निदान आपण तरी विचारायला हवं ना?