आकाशाचा परवाना, जमिनीवरची पदवी

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून 9 जून 2025 रोजी गोव्याचे विमान सुरू झाले आणि आम्हा सोलापूरकरांच्या घराघरांत विमानाच्या गप्पा रंगल्या. माझी भाची नुकतीच बारावी झालेली. म्हणाली, ‘‘मामा, मी पायलट होणार. मग पदवी कशाला?’’

तिचे म्हणणे खोटे नव्हते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला पदवी लागत नाही. किमान 200 तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा आणि वैद्यकीय दाखला लागतो. मला काळजी वाटली ती या दाखल्याची. तो जन्मभराचा नसतो. ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी होते. डोळ्यांनी वा हृदयाने दगा दिला, तर हातातले विमान सुटते. प्रकृती ठणठणीत असली तरी कंपनी टिकेलच असे नाही. किंगफिशरची उड्डाणे 2012 मध्ये थांबली, जेट एअरवेजची 2019 मध्ये.

म्हणून मी म्हटले, पदवी घे, पण विमानाच्याच विषयाची नको. वेळ आली तर दोन्ही एकदमच अडतील. रोज हजेरी मागणारे इंजिनीअरिंगही उड्डाणाबरोबर झेपणार नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. कर. पावसाळ्यात ढगांमुळे उड्डाण अडते, ते दिवस अभ्यासाला मिळतील.

बहीण घर तारण ठेवून कर्ज काढणार आहे. ते फेडायचे तर कमाईची दुसरी वाटही हवीच. भाचीने अजून होकार दिलेला नाही. प्रवेशाचे माहितीपत्रक मात्र मागून घेतले आहे.