टाईप २ मधुमेहात इन्सुलिनचा प्रारंभ : घाटनांदूर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

टाईप २ मधुमेहाचे निदान झाल्यानंतर आठ-दहा वर्षे गोळ्या, पथ्य आणि चालणे यांच्या साहाय्याने रक्तशर्करा सांभाळणाऱ्या रुग्णास पुढे केव्हातरी इन्सुलिन सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही उपचारातील पुढची पायरी असते. रुग्ण आणि त्याचे कुटुंब मात्र ती एखाद्या निकालासारखी ऐकतात. 'शेवटी इंजेक्शनवर आले' हे वाक्य ग्रामीण भागात ज्या स्वरात उच्चारले जाते, त्या स्वरातच या प्रश्नाची सामाजिक बाजू सामावलेली आहे. सल्ला आणि प्रत्यक्ष पहिले इंजेक्शन यांच्यामध्ये कित्येकदा वर्षे निघून जातात. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची हानी त्याच काळात मुकाट्याने होत राहते.

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई, जि. बीड) हे परळी-लातूर रोड लोहमार्गावरील स्थानकाचे गाव. तालुक्याच्या ठिकाणी, अंबाजोगाई येथे, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय १९७० च्या दशकापासून कार्यरत आहे. म्हणजे या परिसरापुरते तरी डॉक्टर दूर आहेत, हे विलंबाचे प्रमुख कारण म्हणता येत नाही. कारणे शोधावयाची तर ती समजुतींत, घरातील सोयींत आणि कामाच्या वेळापत्रकात शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे.

गोळ्या अपुऱ्या का पडतात?

इन्सुलिन हे स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होणारे संप्रेरक होय. टाईप २ मधुमेहात प्रारंभी शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि बीटा पेशी अधिक इन्सुलिन निर्माण करून ही उणीव भरून काढतात. कालांतराने त्या थकतात व त्यांची संख्याही घटते. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ या काळात ५,१०२ रुग्णांवर झालेल्या 'युनायटेड किंगडम प्रॉस्पेक्टिव्ह डायबेटिस स्टडी' या प्रदीर्घ अभ्यासाने या प्रक्रियेवर मोठा प्रकाश टाकला. निदानाच्या वेळीच बीटा पेशींची सुमारे निम्मी कार्यक्षमता संपलेली असते आणि उपचार चालू असतानाही ऱ्हास पुढे सरकत राहतो, असे त्यातून दिसून आले. रक्तशर्करेचे कडक उद्दिष्ट ठेवून सल्फोनिलयुरिया गटातील गोळी दिलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांना सहा वर्षांच्या आत इन्सुलिनची जोड द्यावी लागली.

सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या (उदा. ग्लिमेपिराईड) स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात, पण जेथे साठाच उरलेला नाही तेथे भाग पाडून काय निघणार? आटलेल्या विहिरीवर अधिक शक्तीचा पंप बसविल्याने पाणी वाढत नाही, हे मराठवाड्यात निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. रुग्णाने पथ्य काटेकोर पाळले तरी ही अवस्था येऊ शकते. तिचा संबंध मुख्यत्वे रोगाच्या वयाशी आहे.

महाराष्ट्रातील संशोधनाने यात एक महत्त्वाची भर घातली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. भारतीय अर्भक वजनाने कमी असूनही तुलनेने अधिक चरबी बाळगते, ही बाब त्यातून पुढे आली. अलीकडच्या काळात, पुण्यातील तरुण वयात टाईप २ मधुमेह झालेल्या रुग्णांत इन्सुलिनची तीव्र कमतरता असणारा गट सर्वांत मोठा असल्याचे आढळले आहे. 'मधुमेह म्हणजे लठ्ठ माणसाचा रोग' ही समजूत त्यामुळे आपल्याकडे फसवी ठरते. शेतात राबणाऱ्या, अंगाने सडपातळ अशा माणसास इन्सुलिनची गरज लवकर भासली, तर त्यात आश्चर्य मानण्याचे कारण नाही.

धाक म्हणून वापरलेले औषध :

इन्सुलिनविषयीच्या भीतीचा काही भाग सुईशी निगडित आहे आणि तो दूर करणे सोपे आहे. काचेची सिरिंज उकळून जाड सुईने टोचण्याचा काळ मागे पडला. आज पेनला लावावयाची सुई केवळ चार मिलिमीटर लांब आणि अतिशय बारीक असते. बोटाला टोचून रक्त तपासण्याच्या तुलनेत तिची वेदना कमी असल्याचे अनेक रुग्ण सांगतात.

अधिक खोल भीती निराळी आहे. 'इन्सुलिन घेतलेल्याचे मूत्रपिंड निकामी होते', 'इन्सुलिन सुरू झाले की माणूस फार दिवस काढत नाही' या समजुती निव्वळ अज्ञानातून आल्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यामागे निरीक्षण आहे, केवळ कार्यकारणभाव उलटा लावलेला आहे. भावकीतील एखाद्या व्यक्तीस इन्सुलिन सुरू झाले आणि दोन वर्षांत डायलिसिसची वेळ आली, हे लोकांनी पाहिलेले असते. ते इन्सुलिन पाच-सहा वर्षे उशिरा सुरू झाले होते आणि मूत्रपिंडांची हानी तोवर बरीच पुढे गेली होती, ही गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही. विलंबाने केलेला अपाय इन्सुलिनच्या नावावर जमा होतो, आणि तो पाहून पुढचा रुग्ण आणखी विलंब करतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ओरिजिन' या चाचणीत १२,५३७ व्यक्तींचा सहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करण्यात आला. त्यात लवकर सुरू केलेल्या ग्लार्जिन इन्सुलिनमुळे हृदयविकार वा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. रक्तशर्करा उतरण्याचे प्रसंग आणि वजनातील किंचित वाढ हे तोटे मात्र नोंदले गेले, आणि रुग्णापासून ते लपवू नयेत.

या भीतीस वैद्यक व्यवसायानेही हातभार लावला आहे. 'पथ्य पाळले नाही तर इंजेक्शन लावावे लागेल' असा दम वर्षानुवर्षे भरावयाचा आणि मग एके दिवशी तेच इंजेक्शन हितकारक म्हणून सांगावयाचे, यात उघड विसंगती आहे. ज्याचा धाक घातला त्याचा स्वीकार शिक्षा म्हणूनच होणार. निदानाच्या पहिल्या वर्षातच 'पुढेमागे इन्सुलिन लागू शकते, आणि लागले तर ते शरीरात कमी पडलेल्याची भरपाई असेल' एवढे साधे वाक्य सांगितले गेले, तर पुढील बरीचशी समजूत घालण्याची वेळ येत नाही.

'एकदा सुरू झाले की सुटत नाही' या आक्षेपाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागते. दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा स्वतःच बीटा पेशींना दुबळे करते. अशा वेळी काही आठवडे इन्सुलिन दिल्यास पेशींना विसावा मिळतो व काही रुग्ण पुन्हा गोळ्यांवर येऊ शकतात. शस्त्रक्रिया, गंभीर संसर्ग किंवा गर्भावस्था यांतही ते तात्पुरते दिले जाते. परंतु दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या मधुमेहात ते बहुधा कायमचे असते, हे स्पष्ट सांगणेच योग्य. ही शरीराची गरज असते, व्यसन नव्हे.

केव्हा आणि किती?

तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेचा निर्देशांक, म्हणजे एचबीए१सी, बहुतेक प्रौढ रुग्णांत सुमारे ७ टक्क्यांच्या आत असावा असे मानले जाते. वृद्ध वा इतर व्याधी असलेल्या रुग्णांत ही मर्यादा सैल केली जाते. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या पुरेशा मात्रेत घेऊनही उद्दिष्ट साधत नसेल तर इंजेक्शनचा विचार होतो. प्रत्येक इंजेक्शन इन्सुलिनच असते असे नाही. जीएलपी-१ गटातील औषधेही आज उपलब्ध आहेत व अनेक रुग्णांत त्यांचा विचार आधी केला जातो. मात्र एचबीए१सी १० टक्क्यांच्या पुढे, रक्तशर्करा ३०० मिलिग्रॅमच्या वर किंवा वजन विनाकारण झपाट्याने घटत असल्यास इन्सुलिन लांबणीवर टाकणे हिताचे नसते.

सामान्यतः दिवसातून एकदा दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इन्सुलिनने प्रारंभ होतो. पहिली मात्रा १० युनिट, किंवा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट, इतकी लहान असते. सकाळची उपाशीपोटीची शर्करा पाहून डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढविली जातात आणि ती ८० ते १३० मिलिग्रॅमच्या दरम्यान आली की वाढ थांबते. पहिल्या आठवड्यात साखर फारशी उतरली नाही म्हणून 'इन्सुलिनचाही उपयोग नाही' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. मेटफॉर्मिन बहुधा चालू राहते, तर सल्फोनिलयुरियाची मात्रा अनेकदा कमी करावी लागते. भारतात ३०/७० मिश्र इन्सुलिन दिवसातून दोनदा देण्याची पद्धतही रूढ आहे. त्यातील मानवी इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावे लागते, आणि टोचल्यानंतर जेवण चुकविता येत नाही.

कुपी, सिरिंज आणि माठ :

भारतीय कंपनीने विकसित केलेले पुनर्संयोजित मानवी इन्सुलिन २००३ मध्ये बाजारात आले. ते वोखार्ट कंपनीचे होते आणि तिचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेत होता. औषध जवळ आले, परंतु ते वापरण्यातील एक धोका आजही कायम आहे. भारतात कुपीतील इन्सुलिन प्रायः एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचे, तर पेनमधील १०० युनिट तीव्रतेचे असते. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. पेनमधील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढले तर शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट, ४० ची कुपी व १०० ची सिरिंज अशी गाठ पडल्यास २० ऐवजी केवळ ८ युनिट मिळतात. पहिली चूक जीवघेणी ठरू शकते आणि दुसरीमुळे रुग्ण महिनोन्महिने 'इन्सुलिन घेऊनही' अनियंत्रित राहतो. कुपीवरील आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून पाहणे हे अक्षरओळख नसलेल्या रुग्णासही शिकविता येते.

पोटावर बेंबीपासून दोन बोटे अंतर सोडून किंवा मांडीवर इंजेक्शन घ्यावे आणि जागा रोज बदलावी. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तेथे चरबीची गाठ होते व तीतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. गढूळ दिसणारे इन्सुलिन घेण्यापूर्वी कुपी तळहातांत हलकेच घोळवून घ्यावी.

साठवणुकीची अडचण तितकी अवघड नाही, जितकी ती मानली जाते. न उघडलेल्या कुपीस २ ते ८ अंश तापमान हवे. गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेली कुपी ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि वीजही भरवशाची नसते, तेव्हा मातीचे भांडे उपयोगी पडते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तीत लहान मडके आणि त्यात प्लास्टिकच्या डबीत कोरडी ठेवलेली कुपी, अशी ही योजना. कोरड्या हवेत बाष्पीभवन चांगले होत असल्याने ती येथे विशेष परिणामकारक ठरते. पावसाळी दमट हवेत तिचा उपयोग कमी. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'मेदसँ साँ फ्रोंतिए' या संस्थेने केनियातील निर्वासित छावणीतील तापमानाच्या आधारे केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवूनही इन्सुलिनची क्षमता टिकून राहिल्याचे त्यात दिसले. 'घरात फ्रीज नाही' एवढ्या कारणावरून इन्सुलिन नाकारले जाऊ नये.

उपवास, रोजा आणि ऊसतोड :

इन्सुलिनचा खरा धोका रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरण्याचा. दरदरून घाम, थरथर, धडधड, भूक आणि पुढे गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत. शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि नंतर भाकरी वा अन्य आहार द्यावा. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही ओतू नये. त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. मूत्रपिंड दुबळे झालेल्यांत इन्सुलिन शरीरात अधिक काळ राहते, म्हणून त्यांच्यात हा धोका वाढतो.

या परिसरात योगेश्वरीच्या नवरात्राचे उपवास अनेकजण निष्ठेने करतात. उपवासाच्या दिवशी काही रुग्ण 'जेवण नाही' म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद ठेवतात आणि साबुदाण्याची खिचडी खातात, ज्यायोगे शर्करा चढते. काही नेहमीची मात्रा घेऊन निर्जळी राहतात, आणि तेथे शर्करा उतरते. रमजानच्या रोजात सहरी व इफ्तार यांनुसार मात्रांची वाटणी बदलावी लागते. डॉक्टरांशी हे बोलणे उपवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी व्हावयास हवे.

सर्वांत बिकट प्रश्न ऊसतोड मजुरांचा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असल्याने खाडा परवडत नाही. पहाटे फडात उतरणे, जेवणाची वेळ निश्चित नसणे, रात्री अवेळी मोळ्या वाहनात भरणे आणि वस्ती कोपीत, अशा जीवनक्रमात ठरावीक वेळी जेवण मागणारे मिश्र इन्सुलिन गैरसोयीचेच नव्हे, तर धोक्याचेही ठरू शकते. दिवसातून एकदा घ्यावयाचे, विशिष्ट वेळी तीव्र शिखर न गाठणारे इन्सुलिन अशांना अधिक सोयीचे असते. ग्लार्जिनचा समावेश भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत झाला आहे, ही बाब त्या दृष्टीने उल्लेखनीय होय.

प्रारंभाचा काळही महत्त्वाचा आहे. निघण्याच्या आठवड्यात इन्सुलिन सुरू केल्यास मात्रा बसविण्याचा संपूर्ण काळ परगावी, ओळखीच्या डॉक्टराविना जातो. श्रावण-भाद्रपदात सुरुवात झाली तर दोन-अडीच महिने हाताशी राहतात. तेवढ्यात मात्रा स्थिरावते आणि जोडीदारासही टोचणे व साखर उतरल्याची लक्षणे शिकविता येतात. निघताना सोबत द्यावयाच्या कागदावर इन्सुलिनचे नाव, त्याची तीव्रता, सध्याची मात्रा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग मराठीत लिहिलेला असावा, आणि टोळी कर्नाटकात जात असेल तर कन्नडमध्येही.