उतारवयाची तरतूद : निम्मा वाटा सरकारचा

ताम्हिणीच्या परिसरात पाऊस विपुल, परंतु मुख्य पीक एकच, भाताचे. खाचरे लहान आणि उतारावरील वरकस जमीन हलकी. मळणी झाल्यावर जे हाती येते त्यावरच वर्ष काढावयाचे असते. अशा शेतकऱ्यास नोकरदाराप्रमाणे निवृत्तिवेतन नाही.

ही उणीव ध्यानात घेऊन केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू केली. २ हेक्टरपर्यंत लागवडयोग्य जमीन असलेल्या, १८ ते ४० वर्षे वयाच्या शेतकऱ्यांसाठी ती आहे. प्रवेशाच्या वयानुसार शेतकऱ्याने दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे आणि तितकीच रक्कम सरकारने घालावयाची. वयाच्या ६० वर्षांनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. २९व्या वर्षी प्रवेश करणाऱ्याचा हप्ता १०० रुपये असतो. ३१ वर्षांत त्याचे ३७,२०० रुपये भरले जातात. पुढे निवृत्तिवेतन मात्र वर्षाला ३६,००० रुपये येते.

सरकारी भर मिळाल्याने बचत वाढते काय? अमेरिकेतील सेंट लुईस येथे २००५ मध्ये असा प्रयोग झाला. ज्यांना भर देऊ केली नव्हती त्यांच्यापैकी शेकडा ३ जणांनी निवृत्तीच्या खात्यात पैसे ठेवले; निम्मी भर देऊ केली तेथे शेकडा १४ जणांनी. भरीचा उपयोग होतो हे खरे. पण उरलेले ८६ बाहेरच राहिले.

आपल्याकडे खरी अडचण हप्ता नियमित भरण्याची आहे. साठीपूर्वी योजना सोडल्यास स्वतःची रक्कम व्याजासह परत मिळते, सरकारचा वाटा मात्र मिळत नाही. म्हणून हप्ता सुगीच्या पैशाशी जोडावा. तो सहामाही भरता येतो. किंवा किसान सन्मान निधीच्या २,००० रुपयांच्या हप्त्यातून परस्पर वळता करता येतो. दरमहा १०० रुपयांच्या हिशेबाने चार महिन्यांचे ४०० रुपयेच त्यातून जातील.

दोन गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात. ३,००० रुपये ही रक्कम ठरलेली आहे. महागाईबरोबर ती वाढत नाही. तेव्हा इतर बचत मोडू नये आणि हप्त्यासाठी कर्जही काढू नये. दुसरे असे की, भूमि-अभिलेखात स्वतःचे नाव असावे लागते. अनेक घरांत सातबारा वडिलांच्या नावे असतो आणि जमीन कसणारा मुलगा चाळिशी ओलांडतो. त्यानंतर हे दार उघडत नाही.

यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील चाळिशीच्या आतील खातेदारांची यादी करावी, प्रत्येकास त्याच्या वयाचा हप्ता मांडून दाखवावा आणि मगच निर्णय त्याच्यावर सोपवावा.