कुत्रं भाकरीला तोंड लावंना?

आधी बघा, पोरं दिवसभर बिस्किटं टाकतात का? मग भाकरी कशाला खाईल! वरचं खाणं बंद करा. दोन्ही वेळेला ठरल्या टायमाला भाकरी बिनफोडणीच्या वरणात कुस्करून द्या, कांदा-लसूण नको. 20 मिनिटांत खाल्लं नाही तर भांडं उचला, पाणी राहू द्या. आपल्याकडची कारवानी, पश्मी कुत्री मुळातच सडपातळ. बरगड्या दिसल्या म्हणून घाबरू नका.

पण चांगलं खाणारं कुत्रं एकाएकी खाईना, लाळ गळतीय, आवाज बदललाय, तर हाड अडकलं समजून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो. लांब राहा, जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. चावलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा. हळद-चुना न लावता लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्या.