घरातले जाळे : खालची फाइल वरच्या खोलीत

शेगावात मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. खाली डीटीपी-झेरॉक्सचा संगणक, वर मुलांचा लॅपटॉप. माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन. त्याआधी पत्रिका आणि बॅनरची कामे रात्री वर बसूनही करावी लागतात. मग पेनड्राइव्ह जिन्याने वरखाली फिरतो. एकाच पत्रिकेच्या तीन प्रती तीन ठिकाणी पडतात आणि छपाईला नेमकी जुनी जाते.

मागच्या आठवड्यात आपण दोन्ही यंत्रे एकाच राउटरवर आणली. आज दुकानातला एक फोल्डर वरून उघडू. त्याला इंटरनेट लागत नाही. राउटर आणि दुकानाचा संगणक इन्व्हर्टरवर चालू असले की पुरे. मात्र दुकानाचा संगणक स्लीपमध्ये गेला, तर वर फोल्डर दिसणार नाही.

दोन्हीकडे विंडोज आहे असे धरू. दोन्ही यंत्रांच्या सेटिंग्जमध्ये घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. बहुतेकांचे घोडे इथेच अडते, कारण पब्लिकवर विंडोज स्वतःला लपवून ठेवते. मग ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. दुकानाच्या संगणकावर ‘पत्रिका’ नावाचा फोल्डर करा, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘शेअरिंग’मध्ये जा आणि कोणाला द्यायचा ते निवडा. वरच्या लॅपटॉपवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे दुकानाच्या संगणकाचे नाव लिहा. नावाने सापडला नाही, तर १९२.१६८ ने सुरू होणारा त्याचा अंकी पत्ता लिहा.

आता पासवर्ड विचारला जाईल, आणि इथे घाई नको. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. दुकानात गिऱ्हाइकाला वायफायचा पासवर्ड दिलेला असतो. कुलूप काढले तर त्याच्या मोबाइललाही तुमचा फोल्डर उघडतो. त्याऐवजी दुकानाच्या संगणकावर ‘घर’ नावाचे वेगळे खाते उघडा, त्याला पासवर्ड द्या आणि फोल्डर फक्त त्या खात्याला वाटा. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही, आणि पिनही तिथे चालत नाही.

जुन्या यंत्राशी जमत नाही म्हणून ‘एसएमबी १’ चालू करायलाही कोणी सांगेल. फाइल वाटण्याच्या या जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात तीच त्रुटी वापरणाऱ्या नॉटपेट्याने मर्स्क समूहाला गाठले आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्रुटी बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. जुने यंत्र अपडेट करा, नाहीतर जाळ्याबाहेर ठेवा.

डीटीपीवाल्यांना आणखी एक अडचण येते. फाइल वर उघडते, पण मराठीच्या जागी भलतीच अक्षरे दिसतात. यात जाळ्याचा दोष नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तोच फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर असल्याशिवाय वाचता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेले मात्र सगळीकडे मराठीच दिसते. नव्या कामांना तरी युनिकोड वापरा.

लग्नाचे फोटो, व्हिडिओ अशा जड फाइलींसाठी वायफायपेक्षा केबल बरी. साधी १०० एमबीपीएसची जोडणीही सेकंदाला ११-१२ एमबी सहज नेते, आणि केबल १०० मीटरपर्यंत चालते; वरच्या मजल्यासाठी ती भरपूर झाली.

वाटलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. वरून पुसलेली फाइल खालच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. म्हणून ‘घर’ खात्याला आधी फक्त वाचण्याची परवानगी द्या आणि फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. मगच लिहिण्याची परवानगी द्या. पुढच्या आठवड्यात दुकानाचा प्रिंटर याच वाटेने वर आणू. तोवर ‘घर’ खाते तेवढे उघडून ठेवा, तेव्हा ते लागेल.