तक्त्यातला दर आणि पेठेतले घर

राज्य शासनाने १ एप्रिल २०२५ पासून स्थावर मिळकतींच्या बाजारमूल्याचे जे नवे वार्षिक दर लागू केले, त्यांत सर्वाधिक वाढ सोलापूर महापालिका क्षेत्राच्या वाट्याला आली. मुंबईत ३.३९ टक्के, तर सोलापुरात १०.१७ टक्के! त्याआधीची दोन वर्षे हे दर जागचे हलले नव्हते, हे आम्ही ध्यानात घेतो. तथापि ज्या शहरातील मोठमोठ्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले आणि ज्याची शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात, त्या शहराने दरवाढीत राजधानीलाही मागे टाकावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

या दरांचा, म्हणजे व्यवहारात ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्या तक्त्याचा, हेतू मुळात मर्यादित आहे. खरेदीखतात किंमत कमी दाखवून मुद्रांक शुल्क बुडविले जाऊ नये, एवढ्यासाठी तो केलेला. खतातील रक्कम आणि तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर शुल्क, असा नियम. परंतु विकणारा हाच तक्ता पुढे करून म्हणतो, “सरकारच एवढी किंमत धरते, मग मी कमी का सांगू?” घेणाऱ्याला त्यावर उत्तर सुचत नाही. शुल्काचे माप अशा रीतीने सौद्याचे माप होऊन बसते.

आमच्या मते हा निव्वळ भ्रम होय. तक्ता विभागाचा विचार करतो. घर मात्र एकेकटे विकले जाते. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याला विमान सुटू लागले. त्या बाजूच्या जागामालकांच्या आशा वाढल्या तर नवल नाही. पण जुन्या कसब्यातील चार भावांच्या सामाईक वाड्याला त्या विमानाचा उपयोग काय? इमारतीचे वय आणि भाडेकरू यांची काहीशी दखल मूल्यांकनाच्या नियमांत घेतलेली असली, तरी बोळाची रुंदी, नळाला पाणी किती दिवसांनी येते, आणि भावाभावांतील अबोला यांना तक्त्यात रकाना नाही.

याचा परिणाम पाहा. समजा, अशा घराचे सरकारी मूल्य ४० लाख आहे आणि वर्षभर थांबूनही ३४ लाखांपलीकडे कोणी बोलत नाही. सौदा सचोटीने ३४ लाखांना ठरला, तरी शुल्क ४० लाखांवर. इतकेच नव्हे, तर फरक दहा टक्क्यांहून अधिक असल्याने आयकराचा कायदा ते ६ लाख घेणाऱ्याचे उत्पन्न समजतो आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही ४० लाख धरून मोजतो. न मिळालेल्या पैशावर दोघांनीही कर भरावा!

उलट जेथे बाजार तक्त्याच्या पुढे धावतो, तेथे खतात तक्त्याएवढी रक्कम आणि वरची रोख, हा जुना रोग बळावतो. या रोखीत घेणाऱ्याचे हित नाही. बँकेचे कर्ज देताना लिहिलेली किंमतच पाहिली जाते. पुढे घर विकताना खरेदी कमी दिसून नफा फुगतो. विकणाऱ्यानेही विसरू नये की, मिळकतीच्या व्यवहारात २० हजार वा अधिक रक्कम रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो.

मग किंमत ठरवावी कशी? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ पाहता येते. आपल्या भागात अलीकडे कोणते घर कितीला गेले, हे तीनचार नोंदींवरून कळते. शेजारी सांगतो ती किंमत बहुधा मागितलेली असते, मिळालेली नव्हे. विकणाऱ्याने घासाघिशीला थोडी जागा ठेवावी. पण अवाच्या सवा मागून घर पडून राहिले, की गिऱ्हाईक त्यात खोट शोधू लागते. घेणाऱ्याने विसार देण्यापूर्वी मालमत्ता पत्रक, सर्व वारसांची संमती आणि घरपट्टीची थकबाकी पाहावी, आणि उणिवा मोघम न सांगता त्यांचा खर्च मांडून किंमत उतरवून मागावी. मुदत किती आणि सौदा मोडल्यास विसाराचे काय, हे विसारपावतीत स्पष्ट लिहावे. सरकारी मूल्य खरोखरच अवास्तव असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी दस्त नेता येतो. आयकराच्या बाबतीतही मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येते. हे मार्ग वेळखाऊ आहेत, म्हणून सामान्य माणूस तिकडे फिरकत नाही, हे मात्र खरे.

म्हणूनच शासनाला आमचे सांगणे आहे की, दर ठरविताना त्याने पेठापेठांतून प्रत्यक्ष नोंदलेले व्यवहार पाहावेत, आणि जेथे भाव उतरले तेथे दरही उतरविण्यास कचरू नये. खरी किंमत लिहिणाऱ्याला भुर्दंड बसू लागला, तर खरी किंमत लिहिणार कोण? आयुष्याची पुंजी एका सहीत ओतणाऱ्या मध्यमवर्गीयाला निदान त्या कागदावरचा आकडा तरी निर्धास्तपणे खरा लिहिता आला पाहिजे.