आडनावांचा माग (भाग ९) : ट्रेंटकाठचे अ‍ॅटनबरो

मराठी घरांत अ‍ॅटनबरो हे आडनाव दोन वाटांनी पोचलं. पहिली वाट १९८२ सालच्या ‘गांधी’ची. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या या चित्रपटात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, आणि कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीच्या हाती आलेलं ते पहिलं ऑस्कर. दुसरी वाट रिचर्ड यांच्या धाकट्या भावाची. गोरिलांच्या कळपात बसून कुजबुजत्या आवाजात बोलणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो टीव्हीवर पाहत इथल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. सख्खे भाऊ इतके नामवंत, की हे आडनाव इंग्लंडात गल्लोगल्ली सापडत असेल असं वाटावं. तसं नाही. ते दुर्मिळ आहे, आणि ते कुठून निघालं हे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

गेल्या आठवड्यात स्मिथ, टेलर, राइट ही धंद्यांवरून पडलेली आडनावं पाहिली. लोहार गावोगावी होता, म्हणून स्मिथही गावोगावी निर्माण झाले. एका स्मिथचा दुसऱ्याशी काही संबंध असलाच तर तो योगायोग. अ‍ॅटनबरोंची गोष्ट अगदी उलटी आहे.

नॉटिंगहॅम शहराच्या नैऋत्येला साधारण आठ किलोमीटरवर, ट्रेंट नदीच्या उत्तर काठाला अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. आता ते शेजारच्या बीस्टनला जवळजवळ चिकटलंय. सेंट मेरीचं जुनं चर्च आहे, आणि नदीकडच्या बाजूला पाण्याने भरलेले मोठमोठे खड्डे. १९२९पासून तिथे बांधकामासाठी वाळू-खडी उपसली जात होती. खड्डे पाण्याने भरले, पक्षी आले आणि १९६६मध्ये तिथे निसर्ग अभयारण्य झालं. उद्घाटनाला कुणाला बोलावलं असेल हे सांगायला नको.

गावात जन्मलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस मात्र वेगळाच. चर्चला लागून असलेल्या घरात १६११ साली हेन्री आयर्टन जन्मला. हा पुढे ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई झाला, आणि १६४९मध्ये राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आदेशावर ज्या ५९ जणांनी सह्या केल्या त्यांत याची एक. अ‍ॅटनबरोत जन्मलेला हा माणूस आडनावाने आयर्टन, आणि आयर्टन हे शेजारच्या डर्बीशरमधल्या एका ठिकाणाचं नाव. यात विसंगती काहीच नाही. गावातच राहणाऱ्याला गावाचं नाव लावून उपयोग काय, सगळेच त्या गावचे! नाव चिकटतं ते वेस ओलांडल्यावर. साताऱ्यात राहून कुणी सातारकर होत नाही. नाशिकला जाऊन बिऱ्हाड थाटलं की होतो. म्हणजे पहिला अ‍ॅटनबरो हा अ‍ॅटनबरो सोडून गेलेला माणूस असणार, आणि फार लांबही गेलेला नसणार. नव्या ठिकाणच्या लोकांना हे गाव ओळखीचं असल्याशिवाय ते नाव पडणार नाही.

नावाच्या उगमाबद्दल दोन मतं आहेत. जुन्या इंग्रजीत ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा, आपल्याकडची गढी. अ‍ॅडा किंवा त्यासारख्या नावाच्या कुणा सॅक्सन माणसाची गढी ती अ‍ॅटनबरो, हे पहिलं मत. दुसरं मत गावाला बाजूला ठेवतं. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ म्हणजे ‘च्यापाशी’. कुरणापाशी राहणारा अ‍ॅटली, रानापाशी राहणारा अ‍ॅटवुड. ‘अ‍ॅटन अ‍ॅश’, म्हणजे अ‍ॅशच्या झाडापाशी राहणाऱ्याचं तर पुढे नुसतं नॅश उरलं. त्याच चालीवर गढीपाशी राहणारा तो अ‍ॅटनबरो.

दुसरी व्युत्पत्ती ऐकायला सुबक आहे, पण नकाशापुढे टिकत नाही. गढ्या इंग्लंडभर होत्या. तिथून नाव आलं असतं तर केंटपासून यॉर्कशायरपर्यंत ठिकठिकाणी अ‍ॅटनबरो उगवले असते. १८८१ सालच्या जनगणनेत हे आडनाव दाटीने सापडतं ते नॉटिंगहॅमशायर आणि त्याला खेटून असलेल्या डर्बीशरच्या पट्ट्यात. त्याखेरीज लंडनमध्ये काही घरं होती. ते साहजिकच म्हणायचं. देशभरातली माणसं पोटापाण्यासाठी तिथेच जात. व्हिक्टोरियन लंडनमध्ये वस्तू गहाण ठेवायची वेळ आलेल्यांना अ‍ॅटनबरो हे नाव पेढीच्या पाटीमुळेच पाठ असे.

आडनावांचे अभ्यासक याच जनगणनेला इतकं का धरून बसतात, तेही पाहू. ती पूर्णपणे नोंदवली गेली आहे, संगणकावर घराघरापर्यंत शोधता येते आणि मोटारगाडीच्या आधीची आहे. रेल्वे आली होती, गिरण्या माणसं ओढत होत्या, तरी असंख्य कुटुंबं आजोबांच्या गावापासून दिवसभराच्या चालीच्या आत होती. ही गोष्ट जनगणनेच्या कागदांशिवायही एका माणसाच्या लक्षात आली होती. हेन्री ब्रॉम गपी हा आरमारातला डॉक्टर. सॉलोमन बेटांवर प्रवाळ आणि वनस्पती पाहत हिंडलेला निसर्गअभ्यासक. मायदेशी परतल्यावर त्याने आडनावांचा शोध घ्यायचं ठरवलं, तोही वनस्पतींसारखाच : कोणतं नाव कुठल्या मातीत उगवतं? त्यासाठी त्याने जिल्हावार निर्देशिकांतून फक्त शेतकऱ्यांची नावं मोजली. व्यापारी फिरतो, मजूर फिरतो, शेतकरी जमिनीला धरून असतो. १८९०मध्ये त्याचं पुस्तक आलं. देशभर पसरलेल्या नावांपासून एखाद्याच कोपऱ्यात सापडणाऱ्या खास नावांपर्यंत त्याने सहा वर्ग पाडले होते. पद्धत ओबडधोबड होती, पण नेम बरोबर लागला होता.

आता मुख्य प्रश्न. दुर्मिळ आडनावं दुर्मिळ का असतात?

‘फार कमी लोकांचं आडनाव, म्हणजे मोठं घराणं’ अशी एक समजूत इंग्लंडात आहे. कुलचिन्हं आणि वंशवृक्ष विकणाऱ्यांचा धंदा तिच्यावरच चालतो. खरं कारण रुक्ष आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. ज्या घरात पाच मुली आणि मुलगा नाही, तिथे वंश वाढतो, आडनाव संपतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक इंग्लिश कुटुंबांची आडनावं कायम झाली, आणि त्याच शतकाच्या मध्यावर, १३४८-४९मध्ये प्लेगने निदान तिसरा हिस्सा लोकसंख्या पुसून टाकली. तेव्हा एखाददुसऱ्याच घरात असलेली किती नावं गेली असतील याचा हिशेब लागणार नाही. उरली त्यांपैकी काही पुढच्या पिढ्यांत मुलगे होत गेल्याने फोफावली, काही जेमतेम तगली.

फ्रान्सिस गॉल्टनला हा प्रश्न गणिताचा वाटला. १८७३मध्ये त्याने तो एका शैक्षणिक नियतकालिकात कोडं म्हणून छापला. हेन्री वॉटसन या गणिती पाद्र्याने उत्तर पाठवलं, आणि १८७४मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. वॉटसनच्या आकडेमोडीतून निघालं की पुरेसा काळ गेला तर सगळीच आडनावं नामशेष होतील. ते चुकलं होतं. मुलग्यांची सरासरी एकाहून जास्त असेल तर काही आडनावं टिकतात, हे पुढे इतरांनी दाखवलं. पण गाभा पक्का निघाला, आणि तेच गणित नंतर अणूंच्या साखळी प्रक्रियेलाही कामी आलं. आडनावाचं टिकणं ही कर्तृत्वाची बाब नाही, नशिबाची आहे.

एखादं दुर्मिळ नाव असं नशिबाने तगलेलं असेल, तर आज ते लावणारे बहुतेक जण एकाच पुरुषाचे वंशज निघायला हवेत. हे तपासायची सोय गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली. पुरुषाचं वाय गुणसूत्र नेमकं आडनावाच्याच वाटेने चालतं, बापाकडून मुलाकडे. २००० साली ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी स्वतःचंच आडनाव प्रयोगाला घेतलं. यॉर्कशायर आणि आसपासच्या ४८ साइक्स पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच छापाचं निघालं. उरलेल्यांच्या बाबतीत कुठे दत्तकविधान, कुठे आईचं आडनाव लावलेला मुलगा, कुठे आणखी काही. अशा फटी दर पिढीला सुमारे १.३ टक्के, असा त्यांचा अंदाज. आकडा किरकोळ वाटतो. पण सातशे वर्षांत तेवीस-चोवीस पिढ्या होतात, आणि तेवढ्यात चौघांतला एक धागा तुटलेला असतो.

मग लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी मोठं काम हाती घेतलं. ४० आडनावं, १,६७८ पुरुष. २००९मध्ये निष्कर्ष छापून आले. दोन स्मिथ घेतले काय आणि रस्त्यावरचे कुणीही दोघे घेतले काय, फरक नाही. दुर्मिळ आडनावांत मात्र एकाच पूर्वजाकडे बोट दाखवणारे मोठे गट दिसले. अ‍ॅटनबरो त्या चाळीसांपैकी एक होतं, आणि उठून दिसणारं होतं : तपासलेल्या दहा अ‍ॅटनबरोंपैकी आठांहून अधिक जण एकाच शाखेचे. ती शाखाही इंग्लंडात विरळ, आफ्रिका आणि भूमध्य समुद्राच्या भोवती मुबलक. ती ट्रेंटकाठी कुणाबरोबर आली हे गुणसूत्र सांगत नाही. रोमन सैन्यात त्या भागांतली माणसं होती, व्यापारीही होते. पण ती इतकी वेगळी असल्यामुळेच मूळ पुरुष एकच असावा हा तर्क भक्कम होतो. हा पुरावाही ‘गढीपाशी राहणारे अनेक’ या व्युत्पत्तीच्या विरोधातच जातो.

या संशोधनाचं ठिकाणही मौजेचं आहे. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक अ‍ॅटनबरो १९३२ ते १९५१ लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते. मुलं त्याच आवारात वाढली. १९५७मध्ये त्या कॉलेजचं विद्यापीठ झालं, १९८४मध्ये तिथेच अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधली, आणि पंचवीस वर्षांनी त्याच विद्यापीठात प्राचार्यांच्या आडनावाची उलटतपासणी झाली. आवारातल्या अठरा मजली इमारतीवर आजही अ‍ॅटनबरो हेच नाव आहे. फ्रेडरिक यांचा जन्म स्टेपलफर्डचा, म्हणजे अ‍ॅटनबरो गावापासून चार-पाच किलोमीटरवरचा. जगभर पोचलेलं हे घराणं सहासातशे वर्षांत जेमतेम तासाभराच्या चालीएवढं सरकलं होतं. आणि ते विद्वान कशाचे? अँग्लो-सॅक्सन कायद्यांचे. १९२२मध्ये त्यांनी आद्य इंग्लिश राजांचे कायदे भाषांतरासह प्रसिद्ध केले. त्यांत दहाव्या शतकातल्या अ‍ॅथलस्टन राजाचा एक हुकूम आहे : ठरावीक सणानंतर पंधरवड्याच्या आत प्रत्येक ‘बुर्ह’ची डागडुजी झालेली असावी.

लेस्टरच्याच दुसऱ्या दोन प्रकरणांनी मात्र रक्त आणि नाव यांची गाठ किती सैल असू शकते ते दाखवलं. २००७मध्ये यॉर्कशायरमधलं एक दुर्मिळ आडनाव लावणारे १८ गोरे पुरुष तपासले, तेव्हा सात जणांत पश्चिम आफ्रिकेतली प्राचीन वाय शाखा सापडली. त्यांच्यापैकी कुणालाही घराण्यात आफ्रिकी पूर्वज असल्याचा पत्ता नव्हता. दुसरं प्रकरण थेट राजाचं. २०१२मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा मिळाला. आईकडून येणाऱ्या डीएनएवरून ओळख पटली. बापाकडून येणारं वाय गुणसूत्र मात्र त्याच राजवंशातल्या म्हणवणाऱ्या आजच्या पुरुषांशी जुळलं नाही. मधल्या कुठल्यातरी पिढीत धागा तुटला होता. वंशावळ तर इंग्लंडातल्या सर्वांत काटेकोर वंशावळींपैकी एक!

तेव्हा अ‍ॅटनबरोंचं नातं एकसंध राहिलं यात सभ्यपणापेक्षा संख्येचा हात मोठा. मूळ पुरुषाची शाखा फोफावली, आगंतुक शाखा बहुधा आपोआप खुंटल्या. लिहिणाऱ्या कारकुनांमुळे अ‍ॅटनबॅरो, अ‍ॅटनबरो अशी लेखनभेदांची पिलावळ झाली ती वेगळीच. नोंदवहीत कान ऐकेल तसं लिहीत.

आज हे नाव माणसांपेक्षा इतरत्र जास्त पसरलं आहे. न्यू गिनीतल्या अंडी घालणाऱ्या काटेरी सस्तन प्राण्याला, फिलिपिन्समधल्या कीटकभक्षी घटपर्णीला, डायनोसॉरकाळातल्या एका सागरी सरपटणाऱ्याला ते लागलं आहे. २०१८मध्ये वर्णन झालेल्या केरळच्या एका सरड्यालाही. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या ब्रिटिश संशोधन जहाजावरही तेच आहे. २०१६मध्ये जहाजाच्या नावासाठी जनमत घेतलं, तर लोकांनी भरभरून मतं दिली ती ‘बोटी मॅकबोटफेस’ या थट्टेच्या नावाला. सरकारने जहाजाला ‘सर डेव्हिड अ‍ॅटनबरो’ केलं, आणि थट्टेचं नाव जहाजावरच्या पाणबुड्या यंत्राला देऊन लोकांची समजूत काढली.

पुढच्या आठवड्यात लँकेशायर आणि आसपासच्या दऱ्यांतली रॅम्सबॉटम, विंटरबॉटम, साइडबॉटम ही मंडळी. त्यांतल्या ‘बॉटम’चा अर्थ दरीचा तळ, एवढं आत्ताच सांगून ठेवलेलं बरं.